घोडी कोठे बांधावीत?
मेंढपाळांच्या वाटेवरील मुक्कामाच्या जागा

दसरा-दिवाळी उलटून खरिपाची रास घरात आली, की फलटण, माण, खटाव, बारामती, पारनेर अशा अवर्षणप्रवण तालुक्यांतील धनगर मेंढपाळांचे वाडे गाव सोडू लागतात. ‘वाडा’ म्हणजे येथे चिरेबंदी घर नव्हे. एकत्र चालणाऱ्या व एकत्र मुक्काम करणाऱ्या बिऱ्हाडांच्या समूहास हे नाव आहे. पुरुष मेंढ्यांचा कळप घेऊन रानारानांतून जातात. संसार मात्र घोड्यांच्या पाठीवर असतो. पालाचे कापड, भांडीकुंडी, धान्याची पोती, कोंबड्यांचे खुराडे, वाटेत जन्मलेली कोकरे आणि कधी दोन पोत्यांच्या मध्ये बसविलेले लहान मूल, असा सारा भार घेऊन स्त्रिया निराळ्या वाटेने पुढे निघतात आणि दिवस मावळण्यापूर्वी ठरलेल्या जागी उतरतात. ही जागा कशी ठरते आणि ती मिळणे वर्षानुवर्षे अवघड का होत चालले आहे, हे त्या वाटेवरील प्रत्येक गावच्या कारभाऱ्यांनी जाणून घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेनुसार सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. त्यांच्याविषयी योजना आहेत, लसीकरणाची वेळापत्रके आहेत. मेंढपाळाच्या घोड्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. याच गणनेत देशातील घोडे व तट्टे मिळून संख्या साडेतीन लाखांच्याही खाली आल्याचे दिसून आले. २०१२ मध्ये ती सव्वासहा लाखांच्या आसपास होती. सात वर्षांत जवळजवळ निम्मी घट! अशा वेळी दख्खनच्या पठारावर भीमा आणि नीरा यांच्या खोऱ्यांत जे काटक, बुटके, थोड्या चाऱ्यावर राहणारे भीमथडी घोडे टिकून राहिले, ते प्रामुख्याने या वाड्यांमुळेच टिकले. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडे या घोड्यांची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केली आहे. ज्या घोड्यावर एके काळी मराठी फौजा दौडल्या, त्याचा वंश आज मेंढपाळाचे बिऱ्हाड वाहत आहे.

मेंढी पाहुणी, घोडे सोबतीला

वाडा गावात येतो तो बहुधा शेतकऱ्याच्या संमतीने आणि पुष्कळदा त्याच्या निमंत्रणावरून. भाताची कापणी झालेल्या कोकणातील खाचरांत किंवा देशावरील मोकळ्या झालेल्या रानांत रात्री मेंढ्या बसवितात. सभोवती वाघर, म्हणजे सुताचे जाळे, लावून कळप कोंडला जातो आणि लेंडी व मूत यांचे खत शेताला आयते मिळते. त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा रोख रक्कम देतो. व्यवहाराचा हिशेब मेंढ्यांच्या संख्येवर आणि रात्रींवर होतो. घोड्यांचा उल्लेख या बोलण्यात सहसा नसतो. लीदही उत्तम खत आहे, परंतु ती एका जागी साचते. शेतभर पसरत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने मेंढी ही पाहुणी असते आणि घोडे तिच्याबरोबर आलेले असते.

वस्तुतः मुक्कामाची जागा ठरते ती घोड्यावरून. कळप आज या खाचरात, उद्या पलीकडच्या, असा फिरतो. मेंढ्यांना निजण्यापुरती कोरडी जमीन मिळाली की पुरे. बिऱ्हाड आणि घोडी मात्र एकाच ठिकाणी राहतात. पाणी, चारा, चूल, तान्ही मुले, आजारी कोकरे, सारे तेथेच. म्हणून वाड्यातील जाणता माणूस पुढे जाऊन जागा पाहतो, तेव्हा त्याची नजर घोड्याच्या गरजांवर असते. हे ज्ञान कोणत्या पुस्तकात लिहिलेले नसले, तरी त्यामागील कारणे शास्त्राशी जुळणारी आहेत.

जागा पाहण्याची रीत

पहिली गोष्ट पाण्याची. मध्यम बांध्याच्या घोड्यास दिवसाला साधारण पंचवीस लिटर पाणी लागते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात अधिक. पंधरा घोडी असलेल्या वाड्यास म्हणजे पावणेचारशे लिटर, नेहमीच्या मापाने दोन मोठी पिंपे. मेंढ्यांना दिवसा चरताना ओढ्यावर किंवा नदीवर पाणी दाखविता येते. घोड्यांचे पाणी तळाजवळच हवे, कारण ते वाहून आणण्याचे काम स्त्रियांवर पडते. पाण्याचे अंतर दुप्पट झाले, तर कोणाचे श्रम दुप्पट होतात हे सांगावयास नको.

पाणी जवळ हवे, परंतु तळ पाण्यात नको. ओढ्याच्या पात्रातील वाळूची सपाट जागा मोठी मोहक दिसते. वर डोंगरात अवकाळी सर कोसळली, तर खाली एक थेंबही न पडता लोंढा येतो, आणि पायबंद घातलेल्या घोड्यास त्यातून निघता येत नाही. डबक्याकाठी चावऱ्या माश्यांचा उपद्रव असतो. ‘सर्रा’ नावाचा रक्तातील परजीवीमुळे होणारा रोग याच माश्या पसरवितात. अलीकडे आणखी एक धोका निर्माण झाला आहे. प्लास्टिकचे अस्तर लावलेल्या शेततळ्याचा उतार इतका निसरडा असतो, की पाणी प्यावयास उतरलेले जनावर पुन्हा वर चढू शकत नाही. अशा तळ्यावर घोडे कधीही मोकळे सोडू नये; पाणी बादलीने काढूनच पाजावे. बिनकठड्याच्या विहिरीचेही तसेच. रात्री दिव्याच्या झोताने बुजलेले घोडे मेख उपटून धावते, तेव्हा पुढे विहीर आहे की रस्ता, हे ते पाहत नाही.

जमीन किंचित उताराची व मुरमाड असावी. काळ्या जमिनीत एक पाऊस झाला, तरी चिखल होतो आणि मेखा धरत नाहीत. सतत ओलीत उभे राहिल्याने खुराचा तळवा मऊ पडून कुजू लागतो. तुरीचे व कपाशीचे खुंट राहिलेले रान दुरून मोकळे दिसते. परंतु तिरपा कापलेला खुंट खुरात घुसला, की घोडे आठवडेच्या आठवडे लंगडते आणि त्याचा भार दुसऱ्या घोड्यांवर पडतो. वेड्या बाभळीचे काटे पूर्वीपासूनच होते. त्यांत आता गावाबाहेरच्या मोकळ्या जागी फुटलेल्या बाटल्यांच्या काचांची भर पडली आहे. ज्या माळावर गावातील मंडळी रात्री ‘बसतात’, तो माळ घोड्यांसाठी बाद झाला, असेच समजावे लागते.

सावलीसाठी वड-पिंपळाखाली उतरण्याचा मोह होतो. उतरण्यापूर्वी मान वर करून पाहावे. आग्यामोहोळ असेल आणि खाली चूल पेटली, तर धुराने उठलेल्या माश्या बांधलेल्या जनावरास सोडत नाहीत. माणूस पळू शकतो. अगाडी-पिछाडी बांधलेले घोडे पळू शकत नाही. देवळाच्या आवारातील कण्हेर हाही असाच धोका. तिची थोडी पानेही घोड्याच्या हृदयावर घातक परिणाम करतात. महामार्गाच्या दुभाजकात हीच कण्हेर लावलेली असते, आणि तिची छाटणी करून टाकलेल्या फांद्या रस्त्याच्या कडेला पडलेल्या असतात. सुकलेल्या पानांतही विष राहते.

चाऱ्याचे गणित पाण्याहून कठीण. अडीचशे किलो वजनाच्या घोड्यास दिवसाला पाच किलो सुका चारा तरी हवा. पंधरांना पाऊण क्विंटल. घोड्याचे जठर लहान असते आणि त्याला ओकारी येत नाही. गाय-म्हैस घाईघाईने खाऊन मग निवांत रवंथ करते. घोड्यास ती सोय नाही. त्याला थोडे थोडे, परंतु दिवसभर खावे लागते. म्हणून मुक्कामावर पोहोचल्यावर ओझे उतरवावे, पाठ व खूर पाहावेत, पाणी दाखवावे आणि मग पुढच्या पायांत पायबंद घालून चरावयास सोडावे, अशी रीत आहे. दाण्याचा तोबरा असलाच, तर तो शेवटी. बुरशी धरलेला कडबा बैल एखादे वेळी पचवील. घोड्याला त्याने पोटशूळ होतो आणि पोटशुळाने घोडे एका रात्रीत दगावते. कापणी झालेल्या ज्वारीच्या बुडख्यांतून फुटलेले कोवळे पोंगेही विषारी असतात. हिरवा चारा दिसला म्हणून घोडे त्यात सोडणे धोक्याचे होय.

पायबंद घालून चरणाऱ्या घोड्याला मोकळी जागा लागते, आणि ती जागा पिकाच्या बांधाला लागून नको. एक घोडी हरभऱ्यात शिरली, की सकाळी सारा वाडा गावाच्या दृष्टीने चोर ठरतो. घोड्याची रवानगी कोंडवाड्यात झाली, तर दंड भरावा लागतोच, शिवाय त्या दिवसाची मजल चुकते. कळप पुढे गेलेला, बिऱ्हाड मागे राहिलेले, आणि रात्री स्त्रिया व मुले अनोळखी रानात. बिबट्याचा वावर असलेल्या जुन्नर-संगमनेरच्या पट्ट्यात ही साधी गोष्ट नाही.

जुन्या काळची व्यवस्था

घोड्यांच्या मुक्कामाचा प्रश्न महाराष्ट्रास नवीन नाही. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्याच्या मुक्कामासाठी साठविलेला दाणा व गवत जपून वापरा. आज मनास येईल तसे खर्चाल, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि मग लोक रयतेच्या घरात शिरून धान्य, गवत, भाजी घेऊ लागतील, असा त्यातील इशारा आहे. गवताच्या गंजीजवळ चूल, विस्तव, तंबाखूची चिलीम वा रात्रीचा दिवा राहू देऊ नये. उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजीस आग लागेल, इथपर्यंत बारकावा त्या पत्रात आहे. घोड्यांचा तळ नीट नसेल, तर त्याचा उपद्रव गावास होतो, हे सूत्र राज्यकर्त्याने साडेतीनशे वर्षांपूर्वी ओळखले होते. इंग्रजी अमदानीत लष्करी मार्गांवर ठराविक अंतराने छावणीच्या जागा राखून ठेवल्या जात. त्यांतील काही आजही संरक्षण खात्याच्या ताब्यात आहेत.

जेथे मुक्काम पंचांगाने ठरलेला आहे, तेथे व्यवस्था आजही होते. आषाढी वारीत श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे अश्व चिकोडी तालुक्यातील अंकलीहून आळंदीस येतात आणि पुढे पंढरपूरपर्यंत चालतात. वारीच्या मार्गावरील पालखीतळ राखलेले, सपाट केलेले, पाण्याची सोय असलेले असतात. तापीकाठच्या सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेत किंवा नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे दावणी, पाण्याचे हौद, पशुवैद्यक यांची तजवीज ठेवावी लागते. पशुवैद्यकाची तेथे विशेष गरज असते. ‘ग्लँडर्स’ हा घोड्यांचा जीवाणुजन्य रोग माणसासही होऊ शकतो, आणि तो पसरतो तो पुष्कळदा एकाच हौदातून पाणी पाजल्याने. २००६ मध्ये महाराष्ट्रातील घोड्यांत तो आढळला होता. कायद्याने या रोगाची खबर देणे बंधनकारक आहे. नाकातून चिकट स्राव, नाकपुडीत वा कातडीवर व्रण अशी लक्षणे दिसताच घोडे वेगळे बांधावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. वाड्याच्या तळावरही हौदात तोंड घालू देण्यापेक्षा ज्याच्या त्याच्या बादलीने पाणी पाजणे बरे.

मेंढपाळाच्या वाटेस तिथी नाही आणि वाजंत्री नाही. म्हणून तिला तळही नाही. परंतु ही वाट अनिश्चित आहे, असे म्हणणे चुकीचे ठरेल. बहुतेक वाडे वर्षानुवर्षे त्याच गावांवरून जातात. शेतकऱ्यांशी त्यांचे संबंध पुष्कळदा वडिलांपासून चालत आलेले असतात.

गायरान कोणाचे?

असे मुक्काम पूर्वी गायरानावर, पडीक माळावर किंवा देवस्थानच्या जमिनीवर होत. आता पाटाचे पाणी आलेल्या भागांत ऊस व फळबागा वाढल्या, पड कमी झाली. गायरानावर अतिक्रमणे झाली. काही जमिनी सार्वजनिक कामांस गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जानेवारीत जगपालसिंग प्रकरणी गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याविषयी राज्यांना निर्देश दिले आणि त्याच वर्षी १२ जुलै रोजी राज्य शासनाने गायरान जमिनींच्या वापरावर निर्बंध घालणारा निर्णय काढला. त्यामुळे जे शिल्लक आहे, ते राखण्याचा आधार ग्रामपंचायतींना मिळाला.

येथे एक बाब स्पष्ट असणे आवश्यक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ अन्वये गुरचरणासाठी जमीन नेमून देता येते. परंतु कलम २३ प्रमाणे अशा जमिनीवर चराईचा हक्क ती जमीन ज्या गावाची वा गावांची, तेथील गुरांनाच आहे. म्हणजे वाटसरू वाड्याची घोडी गायरानात चरतात, ती गावाच्या मर्जीने. वन हक्क कायदा, २००६ मध्ये भटक्या व पशुपालक समाजांच्या हंगामी वापराचा, स्थलांतरित चराईचा उल्लेख आहे खरा. तथापि अनुसूचित जमातीत नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वनातील अधिवास व वनावरील अवलंबन सिद्ध करावे लागते. सदैव चालणाऱ्या माणसाने अधिवासाचा पुरावा कोठून आणावा, हा प्रश्न साधा नाही. निकाल लागेपर्यंत वाड्यास आज रात्री उतरावयास जागा हवीच असते, आणि ती देणे न देणे बहुतांशी गावाच्या हाती आहे.

चराईचा हक्क वेगळा आणि एका-दोन रात्रींचा मुक्काम वेगळा. दुसऱ्यासाठी फार काही लागत नाही. गावाच्या वहिवाटीस अडथळा न येणारी, रस्त्यापासून व पिकांपासून दूर असलेली दहा-पंधरा गुंठ्यांची मुरमाड जागा, तलाठ्याशी विचारविनिमय करून, ग्रामसभेने मुक्कामासाठी ठरवून द्यावी. जवळच्या हातपंपाचे वाया जाणारे पाणी एका टाकीत घ्यावे म्हणजे बादलीने काढता येईल. उन्हाळ्यात जेथे टँकरने पाणी येते, तेथे पिण्याच्या विहिरीवरून तंटे होतात. घोड्यांसाठी कोणते पाणी वापरावयाचे, हे आधी सांगून ठेवल्यास निम्मे तंटे टळतील. वाडा आल्याची व गेल्याची नोंद, बिऱ्हाडांची व घोड्यांची संख्या, प्रमुखाचे गाव, एवढे एका वहीत पोलीस पाटलाने लिहून ठेवले, तरी चोरीचा आळ आणि पिकाच्या नुकसानीचा वाद यांत दोन्ही बाजूंस आधार राहतो. चारा उधार वा फुकट देण्याची गरज नाही. कडबा, सरमाड वा पेंढा कोणाकडे विकत मिळेल, एवढे कळले तरी वाड्याचे काम भागते. त्या बदल्यात तळ सोडताना लीद एका कडेस रचणे, चुली विझविणे आणि मेखांचे खड्डे बुजविणे ही वाड्याची जबाबदारी, असे स्पष्ट ठरवून घ्यावे.

तळाची जागा निश्चित झाली, म्हणजे इतरांचीही सोय होते. पशुधन पर्यवेक्षकास घोडी कोठे सापडतील हे कळते. शिक्षकांना वाड्यातील मुले कोठे आहेत हे कळते. स्थलांतरित मुलांसाठीचे शिक्षण हमी कार्ड हाती असूनही, तळ रोज नव्या रानात असेल, तर मूल शाळेत आणावयाचे कसे? ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांची स्वतंत्र माहिती प्रथमच घेण्याचे ठरले होते; त्या कामीही प्रगणकाला वाडा कोठे गाठावा, हीच पहिली अडचण.

काही वाड्यांनी आता संसारासाठी टेंपो केला आहे. टेंपोला डिझेल लागते, रस्ता लागतो, आणि बांधावरून किंवा ओढ्यातून तो जात नाही. घोडे असलेला वाडा जेथे जमीन बरी तेथे उतरू शकतो. टेंपोचा वाडा डांबरी रस्त्याच्या कडेस उतरतो, जेथे वाहनांचा धोका सर्वांत अधिक. हे लक्षात घेता घोडी बाळगणे अजूनही परवडते, असे जुने मेंढपाळ मानतात ते उगाच नव्हे.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा दसऱ्याच्या आगेमागे येते, तेव्हा देशावरचे वाडे अजून निघावयाचे असतात. १ मेच्या ग्रामसभेच्या सुमारास अनेक वाडे परतीच्या वाटेवर असतात. मृगापूर्वी त्यांना आपापल्या गावी पोहोचावयाचे असते, कारण पावसात कळप कोकणात राहू शकत नाही. वाटेवरच्या गावांनी या दोनपैकी एका सभेत जागा ठरवून ठेवली, तर त्या हंगामातील पहिला वाडा गावात येण्यापूर्वी ती नजरेखालून घालून, खुंट, काटे व काचा काढून घेण्यास पुरेसा अवधी मिळतो.